अखजीआधीचा चुना

३ एप्रिल २०२५, गुरुवार

आज मकबऱ्याच्या दारातून चुन्याची बादली जशीच्या तशी परत आणली. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. 

ही वही खर्चाची. पुढून हिशेब आणि आजपासून मागून हे. मनातलं लिहायची मला सवय नाही, पण घरात सगळे मलाच गप्प राहा म्हणतात, मग बोलायचं कोणाजवळ?

क्रमाने लिहिते. आमच्या उंद्रीपासून पाच किलोमीटरवर टेकडीवर जुना मकबरा आहे. घुमटाखाली कोणी सरदार आहे, बाजूला तीन कमानींची मशीद, कोरडा हौद, ओट्यावर त्याच्या माणसांच्या कबरी. आम्हा बायांचं सरदाराशी काही काम नाही. आम्ही जातो मागच्या चिंचेखाली, दाईमाच्या कबरीशी. सरदाराच्या घरची बाळंतपणं करणारी ती म्हातारी, असं सासूबाई सांगत. जिचं लेकरू हाती लागत नाही तिने दाईमाला नवस बोलायचा, आणि लेकरू जगलं की दरसाल अखजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधी एखाद्या गुरुवारी कबर धुऊन चुना लावायचा. कुंचा चालत नाही. आपल्या बाळंतपणातल्या लुगड्याचा तुकडा चुन्यात बुडवून हातानेच लावायचा. माझ्या सासूबाई रुक्मिणीबाईंनी लावला, कारण यांच्या आधीची दोन गेली होती. म्हणून यांचं नाव उकंडराव. जन्मल्यावर उकिरड्यावर ठेवून, देवाला नको असलेलं पोर म्हणून परत उचलून आणलेले. सासूबाईंमागे मी. माझा जीवन एकोणतीस वर्षांचा आहे तो दाईमामुळे.

आता त्याची बायको छाया दिवसात आहे. डॉक्टरने दहा मे सांगितली आहे. परवाच्या साली तिचं सहाव्या महिन्यात गेलं. ते का गेलं हे मी कोणाला सांगितलं नाही, इथे लिहिते. त्या साली घर रंगवून चुना उरला होता. वाया कशाला घालवायचा म्हणून त्यातच पाणी घालून दाईमाला लावला. पातळ, नुसतं पांढरं पाणी. ऑगस्टमध्ये लेकरू गेलं. माझ्या काटकसरीने गेलं. मागच्या साली नवा कळीचा चुना आणून जाड हात दिला आणि दिवाळीच्या आत छायाने गोड बातमी दिली. यापेक्षा कोणाला काय पुरावा पाहिजे?

म्हणून या साली चार दिवस आधी चुना भिजत घातला, दोनदा गाळला. आणि दारात वामनराव. नात्याने माझे दीर लागतात, पुरातत्त्व खात्याने त्यांना रोजंदारीवर राखणदार ठेवलं आहे. अंगात खाकी शर्ट, पायात तीच फाटकी चप्पल.

"वहिनी, पुढं नका जाऊ. चुना बंद हाय."

"कोनाचा बंद?"

"साऱ्याइचा. ते पाटी वाचा."

"वाचली. मॅट्रिक हाओ मी, तुमच्यासारखी सातवीतून नाही पळाली."

तरी हलले नाहीत. पाटीवर लिहिलं होतं की कबरींना चुना, तेल, रंग लावल्यास कारवाई होईल. दाईमाच्या भोवती हिरवी जाळी बांधली आहे, जनावर कोंडल्यासारखी. जैतूनबी आपल्या खोलीच्या दारात उभी होती. मकबऱ्याच्या मुजावराची ती बायको, आता विधवा. बत्तीस वर्षं हौदाजवळच्या हापशावरून माझ्यासोबत पाणी आणते. आज फक्त डबा हातात दिला, ईदचा शिरखुर्मा माझ्यासाठी राखून ठेवला होता. माझा गुरुवारचा उपास. डबा घेतला, पण मान वर करून पाहिलं नाही तिच्याकडे. खुशाल वाटू दे वाईट.

४ एप्रिल, शुक्रवार

खात्याला अर्ज लिहिला. दोन पानं. "आपण कोणत्या अधिकाराने" इथून सुरुवात केली. जीवनने वाचला आणि म्हणाला, "आई, तो कायदा हाय, तुह्या-माह्या मनाचं नाही." हा जीवन. जिच्यामुळे जन्मला तिच्यावर जाळी टाकली तर हा मला कायदा सांगतो.

यांना म्हटलं, तुम्ही तरी चला वामनरावांकडे. हे उठले आणि बैलाला पाणी दाखवतो म्हणून बाहेर गेले. दाईमाचं नाव काढलं की यांना नेहमीच शेतात काम निघतं. बैल मघाच पाणी प्यायला होता.

छायाचं वरण वेगळं, बिनमिठाचं. दवाखान्यातून सांगितलं म्हणे. रक्तदाबाची गोळी घड्याळ लावून घेते. मी काही म्हणत नाही, पण आमच्या वेळी मीठ खाऊनच बाळंतपणं झाली.

६ एप्रिल, रविवार, रामनवमी

देवळात पाळणा झाला. प्रसाद वाटताना एक बाई (नाव लिहीत नाही, तिच्या सुनेची मला कीव येते) सगळ्यांसमोर म्हणाली की बरं झालं, आपल्या लोकांचं तिकडे जाणं तरी थांबेल. मी पंजिरीचं ताट खाली ठेवलं आणि म्हटलं, तुमच्या मुलाला तुमच्या सासूने मांडीवर घेऊन त्याच चिंचेखाली त्याचं जावळ काढलं होतं, ते मी पाहिलं आहे. मग ताट उचललं आणि पुढच्या बाईला प्रसाद दिला.

माझा राम माझ्यावर रागावत नाही. कोणाच्या दारी मी काय मागायला गेले ते त्याला माहीत आहे. या बाईला कोणी नेमलं त्याच्या वतीने रागवायला?

१० एप्रिल, गुरुवार

दुसरा गुरुवार. पोथीचा अध्याय वाचला आणि बादली घेऊनच गेले. आज खात्याच्या मॅडम आल्या होत्या. मंजुश्री त्यांचं नाव. मेहकरकडच्या, तिशीतल्या. बोलणं सगळं पुस्तकी. "काकू, ही परंपरा साधारण किती जुनी असावी?" मी म्हटलं, तुमच्या नोकरीपेक्षा जुनी.

चिंचेखाली बसून त्यांनी मला एकेक विचारलं आणि वहीत लिहून घेतलं. लोकांकडून ऐकलेलं लिहून ठेवतात म्हणे. नाव, गाव, शिक्षण, कोणत्या सालापासून येता. म्हटलं त्र्याण्णव.

"लेकरं किती?"

"एक."

त्यांनी "एक" लिहिलं. जैतूनबी शेजारी बसून चिंचा सोलत होती, तिने माझ्याकडे पाहिलं. मी बादलीकडे पाहिलं.

मग मॅडमने समजावलं की थरावर थर बसून दगडाला श्वास राहिला नाही, आतून ओल धरून तो भुगा होत चालला आहे. जुना चुना हळूहळू काढणार आहेत. मी विचारलं, माझ्या सासूने लावलेला पण? म्हणाल्या, सगळाच. सासूबाईंना जाऊन अठरा वर्षं झाली. त्यांच्या हाताचं जगात काय उरलं आहे? एक पाटा-वरवंटा आणि तो थर. म्हणजे सासूबाईंचा हात खरवडून गोणीत भरणार आणि वर मला परंपरा विचारणार.

ऊन फार होतं. मॅडमची बाटली संपली. "काकू, मले थोडं पाणी देता का," असं तोंडून गेलंच. म्हटलं आता कुठे गेलं पुस्तक? पाणी दिलं. पाण्याला नाही म्हणत नाही मी.

चुना मात्र लावू दिला नाही. आता दोन गुरुवार उरले.

१२ एप्रिल, शनिवार

हनुमान जयंती. दुसरा अर्ज लिहिला, तीन पानं. पहिल्याचं उत्तर नाही. छायाची पावलं सुजली आहेत. चप्पल जाईना म्हणून माझी दिली.

१७ एप्रिल, गुरुवार

काय लिहू. लिहिताना पेन कागदात रुततं आहे.

गेले तर जाळी काढलेली. दाईमा उघडी. पांढरी नाही, काळ्या दगडाची, आणि किती लहान. चुन्याने ती फुगलेली होती, ते मला कधी कळलं नाही. डोक्याकडच्या दगडावर कोरलेली अक्षरं आहेत, उर्दूसारखी. मॅडमने त्याचे फोटो कोणा जाणकाराला पाठवले होते आणि आज त्याचं उत्तर आलं होतं. बायांना सांगायला म्हणून थांबल्या होत्या. माझ्याशिवाय आणखी चौघी होत्या, पण बोलले मीच.

"काकू, ही दाई नाही."

"कोनं सांगलं?"

"दगडानं."

गौहर नावाच्या मुलीची कबर आहे म्हणे. वय सहा वर्षं. बापाने दगड बसवला असं खाली कोरलं आहे. बाप कोण, सरदार की त्याचा कोणी कारकून, ते फुटलं आहे, वाचता येत नाही.

मी म्हटलं, वाचणाऱ्याची चूक असेल. म्हातारी वाकून बारकी झाली असेल. मॅडमने कबरीकडे पाहिलं. साडेतीन हात नाही ती. अडीच. मी तिला बत्तीस वेळा या हातांनी धुतलं आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एका जागी बसून दोन्ही टोकांना हात पुरत होता. मला तेव्हा का नाही कळलं?

सहा वर्षांची पोर कोणाची बाळंतपणं करेल? तिला काय माहीत कळा म्हणजे काय? आणि माझ्या छायाचं बोलणं मी कोणाजवळ बोलले मग?

मॅडम म्हणाल्या, एक मात्र आहे काकू, ओट्यावरचे बाकी सगळे दगड पावसाने झिजले, हिची अक्षरं चुन्याखाली होती म्हणून टिकली. मी म्हटलं, मग आमचे आभार माना आणि मला चुना लावू द्या. हसल्या. म्हणाल्या, पाणी घाला, पाण्याला माझी हरकत नाही. चुना नको.

पाणी घाला म्हणे. पाण्याने नवस फिटतो का?

१९ एप्रिल, शनिवार

आज शनिवार असून गेले, फक्त जैतूनबीला जाब विचारायला. परवा सगळ्या बाया तोंडाला पदर लावून आश्चर्य करत होत्या. ती एकटी नव्हती करत. रात्रभर तेच डोक्यात होतं.

ती ज्वारी निवडत बसली होती. मी बसले नाही, उभ्यानेच विचारलं.

"तुले माहीत होतं?"

"हाव."

"कधीपासून?"

"लगीन होऊन आली तवापासून. सासऱ्यानं सांगेल होतं, बच्ची की कबर है, झाडू हलके हातसे मारना."

"अन् मले बत्तीस वर्सं दाई दाई म्हनू देलं. पानी आनून देलं. हसत असशीन मनात."

तेव्हा तिने सूप खाली ठेवलं.

"तू पयल्यांदा आली तवा तुह्या पदराले दूध लागेल होतं, अन्नपूर्णा. रेणूले जाऊन चार दिवस झाले होते. तू कबरीले मिठी मारून म्हने, दाईमा, माही पोरगी तुह्याकडं आली, तिले सांभाळ. मी तवा काय सांगू तुले? का बाई, इथं दाई नाही, हे बी कोनाची पोरगीच हाय?"

मी तिथून निघाले. तिने मागून हाक मारली, थांबले नाही. पाच किलोमीटर उन्हात चालत आले, ऑटोलाही हात केला नाही.

नाव मी या वहीत लिहिलं नव्हतं. तिच्या तोंडून आलं म्हणून लिहावं लागलं. रेणुका. चौदा महिन्यांची होती. तीन दिवस जुलाब आणि ताप. घरात तेव्हापासून कोणी नाव काढलं नाही, मीही नाही. लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात, आणि बाया बरोबर जात नाहीत. यांनी आणि सासऱ्यांनी कापडात गुंडाळून नेलं आणि तासाभराने विहिरीवर अंघोळ करून परत आले. कुठे ठेवलं ते मला सांगितलं नाही. मग मी रडायला कुठे जायचं? दाईमाजवळ गेले. आणि आता म्हणतात दाईमा नव्हतीच.

जैतूनबीने मला फसवलं. तिला मी माफ करणार नाही. शिरखुर्म्याचा डबा अजून इथेच आहे, तो पोचवला की झालं.

२२ एप्रिल, मंगळवार

दोन दिवस नीट जेवले नाही. शेवटी ठरवलं. दगडावर काय लिहिलं आहे त्याच्याशी माझं काम नाही. दाई असो की पोर, मी बोलले त्या जागेला आणि ती जागा तिथेच आहे. चोवीसला शेवटचा गुरुवार. पहाटे वामनराव चहाला जातात तेव्हा लावून येणार. ऑटोवाल्या हर्षलला साडेपाचला ये म्हणून सांगितलं. कारवाई करायची तर करा. छायाचं काही झालं तर खातं येणार आहे का परत द्यायला?

२५ एप्रिल, शुक्रवार. बुलढाणा, दवाखाना

वही जवळ नाही, नर्सबाईंकडून मागितलेल्या कागदावर लिहिते, घरी गेल्यावर चिकटवेन.

काल पहाटे ऑटो आला. बादली ठेवली, लुगड्याचा तुकडा ठेवला. चढणार तेवढ्यात छाया दारात आली. चौकट धरून उभी. म्हणाली, आई, डोकं फुटून राह्यलं, तुम्ही मले धुरकट दिसता.

मी म्हटलं, पड थोडी, मी तासाभरात आले, आल्यावर सुंठ उगाळून लावते. असं म्हटलं मी. लिहिते आहे ते खरं लिहिते. पाय ऑटोच्या पायरीवर होता.

ती म्हणाली, "आई, तवाबी तुम्ही सुंठच लावली होती."

आवाज चढवला नाही. मला आठवत नाही मी काय बोलले. जीवन धावत आला, हे आले, हर्षलने तिला आत बसवलं आणि ऑटो टेकडीकडे न वळता बुलढाण्याला लागला. बादली माझ्या पायांत. प्रत्येक खड्ड्याला चुना सांडत होता, पांढरे पाय घेऊनच मी दवाखान्यात शिरले.

डॉक्टरीण बाईंनी रक्तदाब पाहिला आणि लगेच सिझर करायला घेतलं. मुलगी झाली. दोन किलो तीनशे. रडली. छाया बरी आहे, हाताला नळ्या आहेत, पण बरी आहे.

संध्याकाळी डॉक्टरीण बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की परवाच्या साली हाच रक्तदाब होता, तेव्हा दोन दिवस उशिरा आणलं होतं, जुन्या कागदात लिहिलेलं आहे. या वेळी वेळेवर आणलं, शाबास आजी. शाबास म्हणाल्या मला. मी भिंतीकडे पाहून उभी राहिले.

दोन वर्षं पातळ चुन्याचा दोष डोक्यावर घेऊन फिरले. सुंठीचा घेतला नाही. तो कोणी दिलाच नव्हता ना मला. छायाने नाही दिला, जीवनने नाही. दोन वर्षं माझ्या हातचं खाऊन सून गप्प राहिली. या घरात सगळे एवढे गप्प राहायला शिकले कोणाकडून?

बादली दवाखान्याच्या फाटकाशी उन्हात ठेवली होती. चुना वाळून दगड झाला.

३० एप्रिल, बुधवार, अखजी

कालच छायाला आणि लेकराला घरी आणलं. लेकराला ठेवायला आज सकाळी सूप शोधत होते, तर जीवनने बाजारातून पाळणा आणला आहे म्हणे. विचारायचं तरी. असो, चांगला आहे.

घरात बाळंतपणाचं सुवेर आहे, म्हणून या साली पितरांची घागर भरायची नाही. हे मला माहीत आहे, कोणी सांगायला नको. तरी यांनी सकाळी विचारलं की कुंभाराकडून दोन बारकी मडकी कशाला आणली. मी म्हटलं, सासूबाई म्हणत, लेकरू पितर होत नाही, त्याच्या नावाने घागर नसते. बरं. लेकरू पितर नाही, तर मग त्याला सुवेर कशाचं? नियम सांगायचा तर पुरता सांगा. घागर नाही म्हणून बत्तीस अखज्या ती तहानलेली राहिली, आणि आज पाणी भरते तर सुवेर आडवं?

यांनी एक मडकं उचललं, विहिरीचं पाणी भरलं, वर खरबुजाची फोड ठेवली आणि टोपी घातली.

"कुठं चालले?"

"नाल्याच्या बांधावर. बोरीखाली."

मी पदराने हात पुसत होते, तशीच राहिले.

"तिथं हाय ते?"

"तिथंच ठेवली मी. दर अखजीले जातो."

"दर अखजीले? अन् मले नाही सांगलं?"

"तू इचारलंच नाही."

विचारलं नाही म्हणे. बत्तीस वर्षं एका ताटाला ताट लावून जेवलो, आणि हा माणूस बैलाला पाणी दाखवतो सांगून माझ्या लेकीला पाणी पाजून येत होता. एकटा. मी इतकी चिडले की रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी चिडले. म्हटलं, चला, आता मी आल्याशिवाय एक पाऊल टाकायचं नाही.

बोर मोठी झाली आहे. खाली काही नाही, माती आणि एक सपाट दगड. दगड स्वच्छ होता. कोणीतरी दरसाल पुसल्यासारखा. मडकं मी ठेवलं. हे लांब उभे राहिले, मग जवळ आले.

दुसरं मडकं घेऊन टेकडीवर गेले. वामनराव फाटकातच.

"वहिनी, त्यात चुना तं नाही?"

"पानी हाय. पिऊन पाहा."

त्यांनी खरंच वाकून पाहिलं आणि बाजूला झाले. चिंचेखाली बसले. दोन्ही टोकांना हात पुरतो अजून. डोक्याकडून पायापर्यंत पाणी घातलं, हलक्या हाताने. गौहर म्हणून हाक मारली, ओठांत बसत नव्हती, दोनदा मारली. नवसाचं काही बोलले नाही. सहा वर्षांच्या पोरीकडून काय मागायचं? हिलाच कोणी विचारलं नाही इतकी वर्षं, सगळ्या आपापलं सांगून जात होत्या. मीसुद्धा.

जैतूनबी हापशाजवळ होती. तिच्याशी मी अजून बोलत नाही. पण डबा परत द्यायचा होता, रिकामा कसा द्यायचा म्हणून आमरस भरून नेला होता. सुवेरातलं चालेल का, विचारलं नाही, तिला आमचं सुवेर लागत नाही. तिने झाकण उघडून पाहिलं आणि म्हणाली, "नात कोनावर गेली?" मी म्हटलं, नाक रेणूचं आहे. एवढंच. हे बोलणं धरत नाही मी.

घरी येऊन तिसरा अर्ज लिहिला. अर्धंच पान. याची नक्कल इथे ठेवते, कारण पहिल्या दोन अर्जांचं अजून उत्तर नाही आणि खात्याचा काही भरवसा नाही.

"मा. मंजुश्री मॅडम यांस,

दि. १० एप्रिल रोजी मकबऱ्यात चिंचेखाली आपण माझी माहिती लिहून घेतली. त्यात 'लेकरं किती' या प्रश्नापुढे 'एक' असं लिहिलं आहे. ते खोडून 'दोन' करावं. मोठी रेणुका, वय चौदा महिने. धाकटा जीवन. शाईने लिहावं, पेन्सिलने नको.

ती चूक मी सांगितलेल्या माहितीची आहे, आपली नाही. पाटीवरची भाषा, हिरवी जाळी, माझ्या सासूबाईंच्या हाताचा थर आणि दोन अर्जांना उत्तर न देणं, या चार गोष्टी मात्र आपल्या आहेत आणि त्यांच्यासाठी मी पुढच्या महिन्यात स्वतः येऊन भेटणार आहे.

पाणी घालायला हरकत नाही असं आपण तोंडी म्हणाला होतात. ते लेखी द्यावं.

अन्नपूर्णा उकंडराव, मु. पो. उंद्री, ता. चिखली."